रविवारचं वाचन आणि सोबतीला एखादा संत: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

मंडळी, हा धागा खास अनुभवांसाठी काढलाय. रविवारच्या मिस्सेतलं (कॅथलिक उपासनेतलं) बायबलचं कुठलं वाचन तुम्हाला धरून बसलं आणि त्या काळात कुठला संत जवळचा वाटला, एवढंच लिहा. प्रवचन नको, आपापलं लिहा, लहान असलं तरी चालेल.

माझं आधी सांगते. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की वाचन आपण निवडत नाही. निवडायला मिळालं असतं तर मी दर रविवारी 'अहो कष्टी आणि भाराक्रांत जनहो' हेच लावलं असतं आणि टोचणारी वाचनं बाजूला ठेवली असती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६९ मध्ये जी वाचनमाला, म्हणजे कुठल्या दिवशी कुठला उतारा वाचायचा त्याची यादी, आली तिच्यात रविवारांचं तीन वर्षांचं चक्र आहे, अ वर्षात मत्तयचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक), ब मध्ये मार्क, क मध्ये लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतर), शिवाय ब वर्षात सामान्यकाळात (असे खास काळ सोडून उरलेलं वर्ष) सलग पाच रविवार जीवनाच्या भाकरीचा सहावा अध्याय. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी वर्ष बदलतं. म्हणजे एकच उतारा तीन वर्षांनी परत कानावर पडतो, आणि मधल्या काळात घरात कुणी जन्मलेलं असतं, कुणी गेलेलं असतं.

इजिप्तचे संत अँथनी देवळात शिरले तेव्हा 'जा, तुझं असेल नसेल ते विक आणि गोरगरिबांना दे' हे वाचन चालू होतं. त्यांनी ते आपल्यालाच सांगितलंय असं धरलं आणि खरोखर विकून टाकलं. तेच वचन आपणही ऐकतो, ब वर्षात मार्कमधून, श्रीमंत माणसाच्या गोष्टीत. मी दर वेळी थोडी हलते, मग आठवड्यातली कामं सुरू होतात. तरी ते परत येणार आहे हे मला बरं वाटतं.

वेदीवरचा वाचक

मी बरीच वर्षं मिस्सेत वाचन करतो. शनिवारी उतारा मोठ्याने वाचून बघतो, आणि त्याच्या आधीचा नि नंतरचा भाग पण वाचतो, कारण मिस्सेतला तुकडा कुठून उचललाय ते कळल्याशिवाय आवाज कुठे चढवायचा ते कळत नाही. पेन्टेकॉस्टच्या (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या) वाचनात पार्थी, मेदी, एलामी अशी लोकांची रांगच असते, बरेच जण ती उरकतात, पण प्रत्येक नाव नीट उच्चारलं की जगभरातली माणसं खरंच तिथे उभी राहिल्यासारखी वाटतात.

मला धरून बसलेलं वाचन म्हणजे जुन्या करारातलं नहेम्याचं. एज्रा लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि लोक उभे राहून ऐकतात आणि रडतात. क वर्षात सामान्यकाळाच्या तिसऱ्या रविवारी येतं. हाच रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवला, आणि ते पत्र काढलं ३० सप्टेंबरला, म्हणजे बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमच्या सणाला. जेरोम म्हणायचे की शास्त्र माहीत नसणं म्हणजे ख्रिस्त माहीत नसणं. वाचायला उभा राहताना हे मनात असतं. लोक रडावेत अशी माझी अपेक्षा नाही हो, पण शेवटच्या बाकावरच्या आजींना शब्द न् शब्द ऐकू जावा एवढं मी मनापासून बघतो.

सासूबाईंची सून

मार्था. दुसरं कोण. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून माझा दिवस त्यांच्या औषधांभोवती फिरतो, आणि तशातच क वर्षातलं ते वाचन आलं, 'मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस.' मला राग आला, खरंच सांगते. म्हटलं बहीण मरिया येशूच्या पायाशी बसली म्हणून चांगली, मग स्वयंपाक कोणी करायचा.

फादरांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की योहानाचा अकरावा अध्याय वाच. वाचला. भाऊ लाजर वारलाय, आणि येशू येतोय कळल्यावर मरिया घरात बसून राहते आणि रस्त्यात जाऊन त्याला गाठते ती मार्था. 'प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता' असं तोंडावर बोलते, आणि त्याच दमात 'तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस' असंही म्हणते. एवढी मोठी श्रद्धा त्या कामात बुडालेल्या बाईच्या तोंडून आलीये! हा उतारा अ वर्षात उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी असतो. २०२१ पासून २९ जुलैचा स्मरणदिन तिघा भावंडांचा मिळून केलाय, मार्था, मरिया, लाजर, मला ते फार आवडलं. आता सासूबाईंचं अंग पुसताना मी मार्थासारखंच बोलते देवाशी, तक्रार पण करते आणि विश्वास पण ठेवते.

उशिरा येणारा

थोडक्यात लिहितो. पुनरुत्थानानंतरच्या रविवारी तिन्ही वर्षी तोच थोमाचा उतारा असतो, बाकी बरंचसं फिरतं पण हे फिरत नाही. ईस्टरची गर्दी ओसरल्यावर देऊळ जरा रिकामं असतं आणि तेव्हा बरोबर शंका घेणाऱ्याची गोष्ट वाचतात. मला त्याचाच आधार. बाकीचे शिष्य त्याला हाकलून देत नाहीत, आठ दिवस तो त्यांच्यातच राहतो, आणि मग 'माझा प्रभू आणि माझा देव' म्हणतो.

एक बाप

मुलगा बोलत नाही माझ्याशी. कारण लिहीत नाही. उधळ्या पुत्राचा दाखला क वर्षात दोनदा येतो, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी आणि परत सामान्यकाळात चोविसाव्याला. पूर्वी मी तो मुलाच्या बाजूने ऐकायचो, आता 'तो दूर आहे तोच त्याच्या बापाने त्याला पाहिले' इथे थांबतो. दूर असताना दिसला म्हणजे बाप रस्त्याकडे बघत असणार ना.

संत मोनिका माझ्या बायकोची आवडती, आता माझीही. तिने भरकटलेल्या मुलासाठी, ऑगस्टिनसाठी, वर्षानुवर्षं अश्रू गाळले, शेवटी ३८७ च्या पास्काला (ईस्टरला) मिलानमध्ये तिथले बिशप संत अँब्रोजनी त्याला स्नानसंस्कार दिला आणि त्याच वर्षी ती वारली. आदल्या वर्षी ऑगस्टिनने बागेत पौलाचं पत्र उघडून जे वचन वाचलं होतं, 'प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा', ते आपल्याकडे अ वर्षाच्या आगमनकाळात पहिल्याच रविवारी दुसऱ्या वाचनात असतं. ते ऐकलं की मी मुलाचं नाव घेतो. आईचा सण २७ ऑगस्टला आणि मुलाचा २८ ला, पंचांगात शेजारी शेजारी.

कॉलेजवाली

मला टोचलेलं वाचन म्हणजे लूक चौदा, 'जो कोणी आपला बाप, आई ह्यांचा द्वेष करीत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही.' मी आईच्या शेजारी बसलेले आणि हे ऐकतेय, पार गोंधळले. नंतर समजलं की येशूच्या बोलीत द्वेष म्हणजे दुय्यम स्थान देणं असा अर्थ निघतो, मत्तयमध्ये तेच 'माझ्यापेक्षा जास्त प्रीती' असं येतं. पण तरी ते सोपं होत नाही आणि सोपं करूही नये असं मला वाटतं.

योगायोग बघा, ७ सप्टेंबर २०२५ ला हेच शुभवर्तमान होतं आणि त्याच दिवशी पोप लिओ यांनी कार्लो अकुटिस आणि पिएर जॉर्जो फ्रासाती या दोघांना संत घोषित केलं. कार्लोबद्दल, कॉम्प्युटरवेड्या त्या किशोराबद्दल, सगळे बोलतात, मला फ्रासाती जास्त भावतो. श्रीमंत घर, वडील वर्तमानपत्राचे मालक, आणि हा मुलगा गुपचूप गरिबांच्या घरी जायचा, खिशातलं सगळं देऊन यायचा. १९२५ मध्ये पोलिओने चोविसाव्या वर्षी गेला. अंत्ययात्रेला गरिबांची गर्दी उसळली तेव्हा घरच्यांना कळलं आपला मुलगा काय करत होता. घरच्यांवर प्रेम होतंच त्याचं, पण पहिला नंबर कुणाचा ते ठरलेलं होतं. त्या रविवारच्या वचनाचा एवढा चांगला खुलासा मला दुसरा मिळाला नाही.

कोरडा काळ

इथे सगळ्यांना काहीतरी मिळालंय, मला बराच काळ काही मिळत नाहीये. हे गेल्यापासून मिस्सेला जाते, बसते, उत्तरं म्हणते, आत काही हलत नाही. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) प्रतिसाद स्तोत्र होतं 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आणि ते सगळ्या देवळाने मिळून म्हटलं, एकदा नाही, प्रत्येक कडव्यानंतर. जे मला एकटीला बोलायची लाज वाटत होती ते सगळ्यांनी माझ्यासोबत म्हटलं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली, त्यात त्यांनी वर्षानुवर्षांच्या अंधाराबद्दल लिहिलंय, आणि तरी रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या. मला अजून काही जाणवत नाही. पण मी जातेय.

धागाकर्ती

ताई, तुम्ही लिहिलंत हे खूप मोठं आहे. या रविवारी मिस्सेत तुमच्या मालकांसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करीन.

नवीन सभासद

एक विचारायचं होतं. माझ्या नावाच्या संताचा सण मागे रविवारी आला तर देवळात त्याचा उल्लेखच नाही झाला, वाईट वाटलं. असं का? आणि पहिलं वाचन नि शुभवर्तमान जुळतं पण दुसरं वाचन कुठेच जुळत नाही, ते कसं ऐकायचं?

वेदीवरचा वाचक

रविवार प्रभूचा दिवस, म्हणून संतांचे साधे स्मरणदिन त्या वर्षी मागे पडतात. मोठे सण मात्र सामान्यकाळातल्या रविवारची जागा घेतात, २०२५ मध्ये तर पेत्र-पौल, क्रुसाचा विजय, मृतांचा दिवस आणि रोमच्या लॅटरन महामंदिराचा सण असे चारही रविवारी आले होते. तुमच्या संताला घरी प्रार्थनेत आठवा, त्याला कुणाची मनाई नाही.

दुसऱ्या वाचनाचं असं आहे की सामान्यकाळात पहिलं वाचन शुभवर्तमानाला धरून निवडलेलं असतं, पण दुसरं स्वतंत्र चालतं, एकेक पत्र काही आठवडे ओळीने वाचतात. म्हणून जुळवायला जाऊ नका. मागच्या रविवारी पौल कुठे थांबला होता ते शनिवारी बघून ठेवा आणि पुढे ऐका. सध्या कुठलं पत्र चालू आहे ते तुमच्या देवळात बघा आणि ते सलग एका बैठकीत वाचून काढा, बरीचशी पत्रं छोटीच आहेत. मग इथे येऊन लिहा काय सापडलं.