शब्दचर्चा: गादीवरचा 'क्लेम' म्हणजे हक्क की दावा?

खलिता
क्रुसेडर किंग्ज 3 या मध्ययुगीन राजघराण्यांवरच्या कॉम्प्युटर गेममधल्या संज्ञांची मराठी यादी करतोय आणि वारसाहक्काच्या पानावर गाडी अडली आहे. गेममध्ये क्लेम दोन तऱ्हेचे असतात, प्रेस्ड आणि अनप्रेस्ड. अनप्रेस्ड क्लेम त्या माणसाबरोबरच संपतो. त्याच्यासाठी एकदा युद्ध झालं की तो प्रेस्ड होतो आणि मग बापामागे मुलांकडे उतरतो. मुलांकडे मात्र तो पुन्हा अनप्रेस्ड म्हणूनच येतो, त्यामुळे मधल्या पिढीने तलवार उपसली नाही तर नातवाच्या हाती काहीच लागत नाही. मी 'दावा' आणि 'दाखल दावा' असं केलं होतं. यादी तपासणाऱ्याने 'दावा हा कोर्टातला शब्द, राजाला हक्कच शोभतो' म्हणून दोन्ही खोडले. तुम्ही काय म्हणाल?

अनुस्वार
दावाच ठेवा. हक्क असतो, दावा करावा लागतो. शिवाय 'हक्क' इथे खर्च केलात तर डी ज्यूरला काय म्हणणार? अमुक परगणा कायद्याने कोणत्या राज्याचा, हे तिथे दाखवलेलं असतं, मग तो प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असो. 'हक्काचा मुलुख' हे त्यालाच चपखल बसतं.

'दाखल' मात्र काढा. दाखल होतात ते कागद.

शिलेदार
'ठोकलेला दावा' घ्या. दावा ठोकतात, असं आपण रोज बोलतो, आणि गेममध्ये ठोकायचा म्हणजे सैन्य घेऊनच. 1066 ची सुरुवात निवडा: नॉर्मंडीचा विल्यम आणि नॉर्वेचा हाराल्ड हार्डराडा, दोघंही इंग्लंडच्या गादीसाठी आधीच युद्धात उतरलेले असतात आणि गादीवर हॅरल्ड गॉडविन्सन बसलेला असतो. हक्क दोघांचाही असणं शक्य नाही. दावा दोघांचाही आहे.

भोजपत्र
हक्क, दावा, वारस हे तिन्ही शब्द अरबी. घरात 'दाय' असताना शेजारी का मागायचं? दाय म्हणजे वडिलोपार्जित धन, आणि त्यात वाटा घेणारा तो दायाद. या शब्दामागे कायद्याचा अख्खा विचार उभा आहे. मिताक्षरा या वारसाहक्कावरच्या जुन्या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच सुरू होतो. जीमूतवाहनाच्या दायभाग या ग्रंथात बाप जिवंत असेपर्यंत मुलाला काहीच नाही. गेम दायभागाच्या बाजूचा: राजा डोळे मिटेपर्यंत राजपुत्राच्या नावावर काही चढत नाही. तेव्हा क्लेमंटला, म्हणजे क्लेम असणाऱ्याला, 'दायाद', सक्सेशनला 'उत्तराधिकार' आणि वारस हा शब्द बाद.

अनुस्वार
भोजपत्र, 'दायाद' गोड शब्द आहे, पण तो भाऊबंदांपुरता. या गेममध्ये धर्मगुरूला परगण्यावर बसवून खोटा दावा तयार करून घेता येतो. ज्याचं त्या घराण्याशी रक्ताचं नातंच नाही तो दायाद कसा?

आणि वारस बाद करू नका. वारस आणि उत्तराधिकारी ही एकाच माणसाची दोन नावं नाहीत. वारस रक्ताने होतो, उत्तराधिकारी जागेवर येतो. मठाधिपतीला उत्तराधिकारी असतो, त्याला वारस म्हणत नाहीत. गेममध्ये दोन्ही शब्द लागतात.

शिलेदार
अगदी. हा फरक न कळल्यामुळे लोकांचं राज्य जातं. फ्यूडल इलेक्टिव्ह, म्हणजे मांडलिकांच्या कौलाने पुढचा राजा निवडायचा कायदा, एखाद्या गादीला लागतो, सगळ्या राज्याला नाही. समजा राज्याची गादी निवडणुकीवर टाकली आणि खालच्या परगण्यांना मुलांमध्ये वाटणीचाच कायदा राहिला. मांडलिकांनी कौल दिला काकाला. मग राजा मेला की मुकुट काकाकडे आणि परगणे मुलांकडे, म्हणजे तुमचा मुलगा आपल्याच जमिनीवर काकाचा मांडलिक. इथे काका उत्तराधिकारी आणि मुलगा वारस. दोन्हीकडे एकच शब्द छापलात तर पडद्यावर एका राजाला दोन वारस दिसतील आणि खेळणारा भलत्याच माणसाची तयारी करत बसेल.

उपायही सांगतो. निवडणूक ठेवायचीच असेल तर हातातल्या प्रत्येक मोठ्या गादीला ठेवा, आणि सगळीकडे तोच उमेदवार पुढे आहे ना, हे राजा म्हातारा व्हायच्या आत तपासा.

दुय्यम
प्रायमोजेनिचरला काय ठरलं? 'ज्येष्ठाधिकार' असेल तर हाउस सीनियॉरिटीशी टक्कर होईल. पहिल्यात थोरल्या अपत्याला सगळं मिळतं, दुसऱ्यात घराण्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्याला. ज्येष्ठ दोघेही. मी पहिल्याला 'थोरली पाती' म्हणेन. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीमुळे शब्द ओळखीचा आहे.

अनुस्वार
पाती म्हणजे शाखा, वाटा. देवासला दोन पात्या झाल्या त्या वाटणीमुळेच, आणि प्रायमोजेनिचरमध्ये वाटणीच नाही. तो शब्द घराण्यातून फुटलेल्या शाखेसाठी राखून ठेवा. पण एका अर्थाने तुम्ही बरोबर आहात: थोरला मुलगा बापाआधी गेला तर गादी धाकट्या भावाकडे न जाता थोरल्याच्या मुलाकडे जाते, म्हणजे वारसा शाखेनेच चालतो. मग सात वर्षांचा नातू गादीवर, दावा घेऊन बसलेला काका दरबारात, आणि मांडलिकांचा गट काकाच्या पाठीशी. 'थोरल्याचा वंश' म्हटलं तर हे सगळं त्यात येतं.

भोजपत्र
'ज्येष्ठवंशाधिकार'.

दुय्यम
बटणावर मावणार नाही.

खलिता
प्रेस्ड-अनप्रेस्डसाठी 'ठोकलेला' आणि 'नुसता' पक्कं करू का? आणि आता वाटणीचे तीन प्रकारही पुढ्यात आहेत: कॉन्फेडरेट, साधी, हाय.

शिलेदार
हायला 'थोरली वाटणी' चालेल, कारण मुख्य वारसाला निदान अर्ध्या गाद्या मिळतात. साधीला 'वाटणी' पुरे. खरी मेख कॉन्फेडरेटमध्ये आहे. तिथे असलेल्या गाद्या वाटल्या जातातच, वर नसलेल्या उभ्या होतात. तुम्ही एका राज्याचे राजे आहात, शेजारच्या राज्याचा निम्म्याहून जास्त हक्काचा मुलुख जिंकला आहे, पण तो मुकुट मुद्दाम घडवला नाही. तुम्हाला तो घडवायला 500 सुवर्ण लागले असते. तुम्ही गेलात की गेम तो दुसऱ्या मुलासाठी फुकट घडवतो, आणि दोघे राजे बरोबरीचे असल्यामुळे दुसरा स्वतंत्र होतो. मुकुट न घडवून वाटणी टळेल हा हिशेब इथेच चुकतो.

यातून सुटायच्या दोन वाटा. वंशपरंपरागत राजवटीचं नवप्रवर्तन (गेममधलं इनोव्हेशन) मिळवून साध्या वाटणीवर या, तिथे नवीन गाद्या उभ्या होत नाहीत. नाहीतर सम्राट व्हा: 1000 सुवर्ण आणि साम्राज्याच्या हक्काच्या मुलुखापैकी 80 टक्के. मग दुसरा मुलगा राजा झाला तरी थोरल्याचा मांडलिकच राहतो. म्हणून माझा शब्द 'फुटीर वाटणी'.

अनुस्वार
'फुटीर' माणसं असतात, वाटणी नव्हे. 'विभक्त वाटणी' म्हणा, विभक्त कुटुंब म्हणतो तसं.

भोजपत्र
विभाग म्हणजेच वाटणी. 'विभक्त वाटणी'त एकच गोष्ट दोनदा सांगितली. आणि 'नवप्रवर्तन' कुठून आणलंत, शिलेदार? 'शोध' नाही चालत?

शिलेदार
शोध लागतो तो वस्तूचा. इथे रिवाज बदलतो.

दुय्यम
मग 'सुधारणा'.