मदत हवी आहे: विधवा प्रथाबंदीच्या मसुद्यात ‘सक्ती’ची व्याख्या कशी करावी?

मे 2022 मध्ये हेरवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. पण परिपत्रकात शिक्षा नाही, तक्रार कोणाकडे करायची तेही नाही. म्हणून आमच्या तालुक्यातले बचत गट आणि महिला मंडळे मिळून राज्य कायद्याची मागणी करत आहोत.

ग्रामसभांचे ठराव घेतले आहेत. गणपूर्ती (किमान हजेरी: 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी कमी) झाल्याची नोंद इतिवृत्तात आहे, सूचक-अनुमोदकही आहेत. अडचण मजकुराची आहे. काही ठरावांत फक्त ‘प्रथा बंद कराव्यात’ एवढेच आहे, कायद्याची मागणीच नाही. ते नव्याने घ्यावे लागतील, हे मान्य.

नमुना म्हणून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (2016) वाचला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण इथे बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला पुढे येतात त्या बहुतेक घरच्याच बायका, तेही तिरडी उचलायच्या आधी, नवरा गेलेली बाई शुद्धीवर नसताना. सासूला कैद म्हटले की सून तक्रारच करणार नाही. शिवाय स्वेच्छेने कुंकू न लावणारीला त्रास होता कामा नये.

वकील मंडळींनी आणि आधीच्या कायद्यांच्या मसुद्यांवर काम केलेल्यांनी सांगावे: ‘सक्ती’ची व्याख्या कोणत्या शब्दांत करावी? पहिल्या तक्रारीला समज आणि संरक्षण आदेश, पुन्हा घडल्यास दंड, अशी रचना टिकेल का? आणि हे आमदारांमार्फत अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) म्हणून न्यावे की विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे?