अनुभव धागा : विशेष मुलांच्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून गेलात, काय काय झालं?

डिसेंबर लागला की आपल्या खान्देशात भरीत पार्ट्यांसोबत आणखी एक गोष्ट सुरू होते. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आगेमागे विशेष मुलांच्या स्पर्धा भरतात. आदल्या रात्री फोन येतो, "दादा, सकाळी सातला मैदानावर या, माणसं कमी पडताहेत." आपण थंडीत कुडकुडत जातो, टोपी मिळते, शिटी मिळते, आणि पुढे काय करायचं ते कोणीच सांगत नाही. तुम्ही गेला असाल तर लिहा. "खूप समाधान मिळालं" एवढ्यावर भागवू नका, फजितीही येऊ द्या.

माझ्यापासून सुरुवात. ५० मीटरच्या शेवटच्या रेषेवर ड्युटी होती. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली अमेरिकेत शिकागोला स्पेशल ऑलिंपिक, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धा, सुरू केलं. तिथे रेषेवर येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारायला माणसं उभी असायची, असं वाचलं होतं. म्हणून मीही हात पसरून उभा. पहिले दोघे बिलगले. तिसरा मुलगा स्वमग्न. मी मिठी मारली आणि तो कान दाबून किंचाळत खालीच बसला. त्याच्या बाई धावत आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त बाजूला सारलं आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर मातीत बसून राहिल्या. दहा मिनिटं पुढची शर्यत थांबली. त्यानंतर मी नुसता तळहात पुढे धरायचो, ज्याला टाळी द्यायची तो देई. एकाने टाळीऐवजी माझी टोपी नेली, ती गेलीच.
(जळगाव, बँकेत नोकरी)

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, माझ्याकडे स्टॉपवॉच. आपल्या शालेय स्पर्धांसारखं इथे नसतं. आधी सगळ्यांना एकदा पळवून वेळ घेतात. मग वय, मुलगा-मुलगी आणि ती वेळ पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. गटातल्या सर्वांत जलद आणि सर्वांत सावकाश पोरात साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये, असं बघतात. त्यामुळे १० सेकंदवाला आणि ३० सेकंदवाला एका रेषेवर येत नाहीत. चुरस बघाल तर थक्क व्हाल.

पण शहाणपण करणारे इथेही असतात. वेळ घ्यायच्या दिवशी एका प्रशिक्षकाने पोराला सांगितलं, आज हळू पळ, म्हणजे सावकाश गट मिळेल. दुसऱ्या दिवशी पोरगं सुसाट सुटलं, सगळ्यांच्या पुढे, आणि आधीच्या वेळेपेक्षा फारच जोरात पळालं म्हणून बाद झालं. नियम बरोबरच आहे. पण ते पोरगं पदकाच्या टेबलापाशी उभंच राहिलं. सरांनी सांगितलं ते त्याने केलं होतं. त्याला काय समजावणार? मी वही मिटून चहाला गेलो. आजही ते बरं वाटत नाही.
(अमळनेर)

मी स्वयंसेवक नाही, आई आहे, तरी लिहिते. लेक २२ वर्षांची, डाउन सिंड्रोम. "एवढ्या मोठ्या पोरीला कशाला आणता" म्हणणाऱ्यांसाठी: स्पेशल ऑलिंपिकमध्ये आठव्या वर्षापासून पुढे कितीही वयाचं माणूस खेळतं.

आमच्याकडे पाहुणे यायचे होते नऊला. मुलं उन्हात बसलेली. एका कॉलेजच्या मुलाने, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच, त्यांना रमवायला कोलांटउड्या सुरू केल्या. मी अर्धं मैदान ओरडत गेले. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, कोलांटउडीत मज्जारज्जूला इजा होऊ शकते. त्या पोराला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पाहुणे सव्वाअकराला आले, फोटो काढून साडेअकराला गेले.
(धुळे)

ताई, हे सगळ्यात आधी माझ्यासारख्यांनी वाचायला हवं. वरती हलवता आलं असतं तर हलवलं असतं.
(जळगाव, बँकवाला)

नर्सिंगला असताना गेले होते. एका मुलाला फिट आली. क्षणात गर्दी. कोणी म्हणे कांदा आणा, कोणी चप्पल हुंगवा, एकाच्या हातात चमचा. मी ओरडले, तोंडात काही घालायचं नाही! त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली जर्किन घातलं आणि घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन, असं ठरवलं होतं. दीड मिनिटात थांबली. थोड्या वेळाने सावध झाला तसा पहिला प्रश्न, "माझा बूट कुठंय?" बूट एका काकांच्या हातात होता. हुंगवायला काढलेला.
(भुसावळ)

केळी वाटायचं काम होतं. मी सोलून देत होतो. एका पोरीने हातातून केळं ओढून घेतलं, "माले येस!" (मला येतं!) पुढच्यांना न सोलता दिली.
(रावेर)

एक मुलगा "रेडी"ला हलेना. ऐकू येत नसेल असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याची आजी कुंपणापलीकडून ओरडली, "पय रे भो, पय!" आणि गडी सुटला. पुढे आम्ही तिलाच रेषेजवळ खुर्ची दिली.
(शिरपूर)

आमच्या स्पर्धेत पहिल्या तिघांना पदक, चौथ्यापासून आठव्यापर्यंत रिबन. माझ्यासोबत परतीच्या एसटीत पाचव्या नंबरची रिबन मिळालेला मुलगा होता. कंडक्टरने सवलतीचं कार्ड मागितलं, तर याने छातीवरची रिबन पुढे केली. कंडक्टरने चष्मा लावून ती वाचली, उलटी करून पाहिली. म्हणाला, "बरं. आता कार्ड दाखव." मुलगा म्हणाला, "आधी टाळ्या." मग अख्ख्या एसटीने वाजवल्या. कार्ड आईच्या पिशवीत होतं.
(चाळीसगाव)