'हील टर्न'ला मराठीत काय म्हणावं?

पळसबन : वाचनालयाच्या भित्तीपत्रकासाठी डब्ल्यूडब्ल्यूईवर, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीवर, लेख लिहितोय. चांगल्या बाजूचा पहलवान दुष्टांत जातो तो 'हील टर्न', त्याला मी 'फितुरी' लिहिलं. गुरुजींनी खोडून 'कलाटणी' केलं. बरोबर काय?

काळी माती : भाऊ, काहून खोडलं? हल्क होगन या पहलवानाला 'फितुरी'च लागू पडते. ७ जुलै १९९६ ला डेटोना बीचला तो मदतीला आल्यासारखा रिंगमध्ये चढला अन् उडी घेऊन आपल्याच बाजूच्या सॅव्हेजच्या गळ्यावर पाय आदळला. लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला. पण ऑस्टिनला फितूर कसं म्हणाल? तो बदललाच नाही.

तिफण : बदललं ते पब्लिक. २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३ हा कुस्तीचा मोठा वार्षिक कार्यक्रम. ब्रेट हार्ट चांगल्या बाजूचा, ऑस्टिन दुष्टांतला. ब्रेटनं शार्पशूटर हा डाव लावला : पाय गुंतवून पालथं पाडायचं, पाठ मागं वाकवायची. ऑस्टिनचं तोंड रक्तानं माखलेलं, तरी 'हरलो' म्हणेना. शुद्ध गेली तेव्हा पंच शॅमरॉकनं लढत थांबवली. इथवर ब्रेट नुसता विजेता. मग त्यानं पडलेल्या माणसाचा पाय पुन्हा धरला, तिथं लोक फिरले. हा शेवटचा तुकडा गाळला तर दोघांपैकी कोणीच पलटत नाही. 'पब्लिक फिरलं' लिहा.

शुद्धमती : 'प्रेक्षक' असताना 'पब्लिक' कशाला? अन् 'पलटणं' नकोच, पलटी ट्रॅक्टर होतो.

झाडीबोली : प्रेक्षक पाहतो, पब्लिक ओरडते. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाला शिव्या पडल्या की भूमिका जमली समजतात. रॉक या पहलवानाचं उलटं झालं. १९९६ मध्ये हसतमुख, गुणी पोरगा म्हणून उतरवला, त्याची हुर्यो उडाली. ऑगस्ट १९९७ ला दुष्टांच्या टोळीत घातला, उर्मट बोलायची मोकळीक दिली, अन् तीच माणसं त्याच्या वाक्यांची वाट पाहू लागली. करिश्मा अंगात होता, त्याला जोगतं सोंग नव्हतं.

शुद्धमती : 'करिश्मा' इंग्रजीतून आला असं समजू नका. तो फारसी, मूळ अर्थ नखरा, नेत्रकटाक्ष. 'कॅरिस्मा' ग्रीक, म्हणजे कृपेचं देणं. 'रुबाब' लिहा.

तिफण : रुबाबही अरबीच की! शिवाय रुबाब उभं राहण्यात असतो. दिवे मालवून, घंटेच्या टोल्यावर सावकाश चालत येणाऱ्या अंडरटेकरचा असायचा तो दरारा. रॉकचं सगळं एका भुवईत अन् जिभेवर. दोघांना एक शब्द पुरत नाही.

पळसबन : गुरुजी तर अख्ख्या प्रकारालाच 'नुरा कुस्ती' म्हणा म्हणतात.

काळी माती : चूक. नुरा म्हणजे आमदंगलीत, म्हणजे खुल्या कुस्तीच्या फडात, दोघांनी आतून ठरवून, पब्लिकला फसवून सोडवलेली जोड. इथं निकाल ठरलेला आहे हे पब्लिकलाही ठाऊक असतं.

शुद्धमती : ठरवून खेळली ती नुराच. पब्लिकला ठाऊक असण्यानं शब्द बदलत नाही.