मोठ्या असेंब्लीचं बीओएम: दर रिव्हिजनला एक्सेलमध्ये हाताने दुरुस्ती, सल्ला हवा

कन्व्हेयरवाला

आम्ही चौघे मिळून कन्व्हेयर डिझाइन करतो, सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. एका यंत्रात साधारण साडेतीनशे वेगळे पार्ट असतात, नटबोल्ट धरले तर दोन हजारांच्या वर नग. ड्रॉइंगवर बीओएम टेबल (कोणता पार्ट किती नग लागतो याची यादी) टाकायचं, ते एक्सेलमध्ये काढायचं, मग मटेरियल, मेक, शेरा हे रकाने हाताने भरून परचेसला द्यायचं, अशी आमची पद्धत. पहिल्या खेपेला निभावतं. रिव्हिजन आली की नवीन एक्सेल निघतं आणि जुन्यातली सगळी भरणी पुन्हा करावी लागते.

गेल्या यंत्राच्या जोडणीत एम८ चे ४८ बोल्ट कमी पडले. उलट, तयार विकत घेतलेल्या गिअरमोटरच्या आतली बेअरिंगं खरेदीच्या यादीत वेगळी आली. यासाठी पीडीएम किंवा पीएलएम (डिझाइनच्या फाइली आणि रिव्हिजन सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का, की आहे त्यातच आमचं काही चुकतंय?

तिसराकोन

आत्ता काही विकत घेऊ नका. तुमची माहिती चुकीच्या जागी राहते आहे. मटेरियल आणि मेक हे त्या पार्टचे गुण आहेत, ते पार्टच्या फाइलमध्येच कस्टम प्रॉपर्टी म्हणून भरा. प्रॉपर्टी टॅब बिल्डर वापरून एक छोटा फॉर्म करून घ्या, म्हणजे चौघेही तेच शब्द वापरतील. नाहीतर एक जण ‘एसएस ३०४’ लिहितो, दुसरा ‘एसएस-३०४’, आणि वर्गवारी करताना ती दोन मटेरियल होतात. मग बीओएमचे रकाने या प्रॉपर्टींना जोडून टेम्पलेट सेव्ह करा. टेबलातला रकाना थेट बदलायला गेलात की लिंक ठेवायची की तोडायची असं सॉफ्टवेअर विचारतं. लिंक ठेवा. एकदा तोडलीत की त्या ओळीला मॉडेलमध्ये पुढे झालेला बदल कळत नाही, आणि कागदावर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

गिअरमोटरचं सोपं आहे. त्या असेंब्लीच्या कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमध्ये ठेवलेलं मॉडेलचं एक रूप) प्रॉपर्टीत, सबअसेंब्ली म्हणून वापरताना आतले भाग दाखवायचे की लपवायचे, हा पर्याय असतो. ‘हाइड’ निवडा, एकच ओळ येईल. तिसरा पर्याय ‘प्रमोट’. त्यात सबअसेंब्लीची स्वतःची ओळ जाते आणि आतले पार्ट एक पायरी वर येतात. फक्त सोयीसाठी एकत्र बांधलेल्या गटांना तो लावा.

बोल्टबद्दल माझा संशय सप्रेसवर आहे. हाइड केलेला, म्हणजे फक्त दिसेनासा केलेला पार्ट बीओएममध्ये मोजला जातो; सप्रेस केलेला, म्हणजे मॉडेलमधून तात्पुरता वगळलेला, मोजला जात नाही. असेंब्ली हलकी करायला कुणी हार्डवेअर सप्रेस केलं आहे का, आणि टेबल नेमकं कोणतं कॉन्फिगरेशन वाचतंय, हे दोन्ही तपासा.

सुटेभाग

मी इन्व्हेंटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरवर काम करतो. तिथे प्रत्येक पार्टला बीओएम स्ट्रक्चर द्यायचं असतं: नॉर्मल, फँटम, रेफरन्स, परचेस्ड किंवा इनसेपरेबल. गिअरमोटर परचेस्ड ठेवला की पार्ट्स ओन्ली यादीत तो एकच नग म्हणून येतो. जोडणीचा संदर्भ म्हणून आणलेलं दुसरं यंत्र रेफरन्स ठेवलं की मोजणीतून बाहेर.

ग्रीस, रंग, थ्रेडला लावायचं लॉकिंग लिक्विड यांचं मॉडेल कुणी करत नाही आणि म्हणून ते यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी व्हर्च्युअल कंपोनंट (वेगळी फाइल नसलेला, पण यादीत येणारा भाग) करा. सॉलिडवर्क्समध्येही ती सोय आहे.

मिलिमीटर

तिसराकोन यांचं बरंचसं पटतं, पण सगळंच मॉडेलमध्ये कोंबू नका. पुरवठादार, दर, माल यायला लागणारे दिवस या गोष्टी डिझाइन न बदलता बदलतात. त्यांच्यासाठी पार्टची फाइल उघडावी लागली तर विनाकारण रिव्हिजन वाढते. हा भाग वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि पार्ट नंबरवरून जोडून घ्या. मग बीओएम कितीदाही काढलं तरी ती भरणी शाबूत राहते.

यासाठी पार्ट नंबर मात्र एकमेव हवा. टूलबॉक्सच्या (सॉलिडवर्क्समधल्या तयार नटबोल्टच्या संग्रहातल्या) किंवा स्वतः केलेल्या बोल्टच्या फाइलमध्ये लांबीनुसार कॉन्फिगरेशनं असतात. तिथे बीओएमचा पार्ट नंबर ‘डॉक्युमेंट नेम’वर असेल तर आयएसओ ४७६२ चा (डोक्यात षटकोनी खाच असलेला) २५ मिमी आणि ३० मिमी लांबीचा बोल्ट एकाच नावाने दिसतो. तो कॉन्फिगरेशनच्या नावावर ठेवा किंवा स्वतः भरा. आणि बीओएमची सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडू नका. ००४१२ चं ४१२ होतं, १२ई५ सारखा नंबर १२ लाख म्हणून वाचला जातो. इम्पोर्ट करताना तो रकाना टेक्स्ट ठेवा.

कन्व्हेयरवाला

तिसराकोन, सप्रेसच होतं. रोलर ब्रॅकेटच्या सबअसेंब्लीचं हलकं कॉन्फिगरेशन आम्हीच केलं होतं आणि मुख्य असेंब्लीत तेच राहिलं. एका ब्रॅकेटला चार बोल्ट, बारा ब्रॅकेट, बरोबर ४८. ते आज बदललं. प्रॉपर्टीचा फॉर्मही करायला घेतला आहे, आणि दर व दिवस वेगळ्या तक्त्यात नेतो.

एक उरलं. मध्येच एखादा पार्ट घातला की आयटम नंबर सरकतात आणि बलून (ड्रॉइंगवर पार्टकडे रेघ काढून दाखवलेले नंबर) बदलतात. जोडणीवाल्यांकडे जुना प्रिंट असतो, त्यांचा गोंधळ होतो.

तिसराकोन

टेबलाच्या प्रॉपर्टीत आयटम नंबर न बदलण्याचा पर्याय आहे, पहिला प्रिंट बाहेर जाण्याआधीच तो लावा. नवीन पार्टला मग पुढचा नंबर मिळतो. तिथेच काढून टाकलेल्या पार्टच्या ओळी तशाच ठेवायची सोय आहे, त्या खोडलेल्या दिसतात. रिव्हिजनमध्ये काय गेलं हे परचेसला त्यावरून लगेच कळतं. शेवटच्या प्रतीतून त्या काढायच्या की नाहीत, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवतो.