त्रास काही नाही, तरी पीएसए करायची का?

आडकित्ता: सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. बाबांनी (वय 79) साखर बघायची म्हणून हात पुढे केला, पण 'साठीपुढच्या पॅकेज'मध्ये पीएसएही होती (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन मोजतात; वाढलेलं असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घेतात). आकडा आला 5.8. बाबांनी त्याला लाल पेनाने गोल केलाय आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. न विचारता या वयात ही तपासणी करणं मला चूकच वाटतं. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (कुठल्या तपासण्या कराव्यात ते सांगणारी तज्ज्ञांची समिती) 2012 साली सरसकट पीएसए नकोच म्हटलं होतं. 2018 मध्ये 55 ते 69 वयाला 'डॉक्टरांशी बोलून ठरवा' एवढी सूट दिली, सत्तरीपुढे नकार कायम.

पिठलंभाकरी: नाही पटलं. माझ्या मामाची कंबर दुखायची म्हणून सहा महिने शेक, मालिश, तेल सगळं झालं. कळलं तेव्हा कॅन्सर हाडांत पोचलेला. हा आजार सुरुवातीला हूं की चूं करत नाही. त्रासाची वाट बघायची म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात 23 वर्षांनंतर, पीएसएसाठी बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी निघाले.

आडकित्ता: त्याच अभ्यासात एक मृत्यू टाळायला 456 जणांना बोलवावं लागलं, हेही लिहा की. आणि ते आकडे 55 ते 69 वयाचे आहेत, बाबांचे नाहीत.

लिंबूटिंबू: भांडण चालू द्या, पण त्या दिवसांत बाबांना लघवीला जळजळ होती का? संसर्गाने पीएसए वाढतो, वयाने फुगलेल्या साध्या प्रोस्टेटनेही वाढतो. उलट फुगलेल्या प्रोस्टेटसाठी देतात ती फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो आणि 'नॉर्मल' रिपोर्ट फसवतो. आधी परत रक्त, मग एमआरआय, बायोप्सी त्यानंतर, तीही लागलीच तर.

पिठलंभाकरी: बघा! थर्मामीटरवर राग काढून काय उपयोग? आता सापडला म्हणून लगेच कापत नाहीत. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत नुसतं लक्ष ठेवलेले, ऑपरेशन झालेले, रेडिएशन घेतलेले, तिन्ही गटांत 15 वर्षांत या कॅन्सरने गेलेले शेकडा तीनच्या आसपास.

आडकित्ता: 'नुसतं लक्ष ठेवू' हे आमच्या बाबांना सांगायला तुम्हीच या. शिंक आली तरी ते मृत्युपत्र काढून बसतात.

असो, जळजळीचं विचारलं. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "होती की! चार दिवस धने-जिऱ्याचं पाणी करून देत होते." शिबिरात हे कुणी विचारलं नव्हतं, बाबांनीही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितलीय, सहा आठवड्यांनी परत रक्त.

पिठलंभाकरी: काय येतं ते कळवा. आणि तुमचं स्वतःचं वय किती हो?

आडकित्ता: 55. विषय बदलू नका.