शॉर्टफिल्मसाठी पॉकेट ४के की एफएक्स३०? (एक बल्ब, एक जिना, भर दुपारची गच्ची)

पहिलाटेक

नमस्कार मंडळी. वीसेक मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे, पटकथा पक्की झाली आहे. दोन पात्रं. बराचसा भाग एका छोट्या खोलीत, रात्री, छताला लटकणाऱ्या एकाच बल्बच्या उजेडात. मग एक जिना: नायिका चार मजले धावत उतरते आणि कॅमेरा तिच्या मागे. शेवटचा प्रसंग गच्चीवर, डोक्यावर ऊन. युनिट म्हणजे मी, कॅमेरा धरणारा मित्र आणि त्या वेळी जो रिकामा असेल तो.

ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के (वापरलेला) आणि सोनी एफएक्स३० हे दोन आवाक्यात आहेत. तुलनेचे इतके व्हिडिओ पाहिले की आता काहीच कळेनासं झालंय. एक म्हणतो कॅमेरा १३ स्टॉप (उजेड दुप्पट होण्याचे टप्पे) टिपतो, दुसरा म्हणतो १४. कोणी म्हणतं रॉ (सेन्सरचा जवळजवळ कच्चा डेटा) नसेल तर तो सिनेमाच नाही. एक ओळखीचे म्हणाले थेट ८के घे, पुढची चिंता मिटेल. लेन्स माझ्याकडे जुन्या निकॉनच्या मॅन्युअल आहेत: २८, ५० आणि १०५. एडिटिंग माझ्याच लॅपटॉपवर. काय घेऊ?

मिसफोकस

एफएक्स३० घ्या आणि विषय संपवा. ऑटोफोकस आहे, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी यंत्रणा) आहे. पॉकेटमध्ये सलग चालणारा ऑटोफोकसही नाही आणि स्टॅबिलायझेशनही नाही. तीन माणसांत फोकस कोण ओढणार?

राखाडी१८

मिसफोकस, त्यांच्या लेन्स मॅन्युअल निकॉनच्या आहेत हो. त्यांवर ऑटोफोकस कुठून येणार? तुमचं निम्मं उत्तर तिथेच गळालं. स्टॅबिलायझेशनचं मात्र मान्य, त्यावर खाली लिहिते.

पहिलाटेक, मी कॅमेरा चालवत नाही. कलरिस्ट आहे, म्हणजे शूट झालेल्या फुटेजचे रंग आणि उजेड जुळवते. लोक शूट करून आणतात, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि पहिला प्रश्न असतो, "हे सुधारेल ना?" त्यामुळे कॅमेऱ्याकडे बघायची माझी रीत उलटी झाली आहे. कोणता कॅमेरा छान दिसतो ते मी शेवटी बघते. बिघडलं तर माझ्या टेबलावर दुरुस्त होणार नाही असं काय काय आहे आणि त्यातलं तुमच्या पटकथेत काय येतंय, हे आधी.

नॉइज बऱ्यापैकी निघतो. व्हाइट बॅलन्स थोडा चुकला तर सावरतो. अर्धा-एक स्टॉप अंडर (जरा काळोखं) आलं तरी जीव जात नाही. रंगाबद्दल तर बोलूच नका. "सोनीचा रंग", "ब्लॅकमॅजिकचा रंग" यावर लोक पानंच्या पानं लिहितात, पण नीट एक्स्पोज केलेलं १०-बिट लॉग फुटेज (रंग नंतर लावता यावा म्हणून मुद्दाम फिकं ठेवलेलं) दोन्हींतून आलं तर मी ते एकमेकांच्या बरंच जवळ नेऊ शकते. उलट उडालेला हायलाइट (पांढराफटक झालेला उजळ भाग) परत येत नाही. दिव्यामुळे चित्रात सरकणारे पट्टे जवळजवळ जात नाहीत. पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) तिरके झालेले कठडे सरळ होत नाहीत. धक्क्याने फ्रेम पुसट झाली तर सॉफ्टवेअर ती स्थिर करतं, पण पुसटपणा तसाच राहतो. मग चित्र स्थिर आणि मधूनच धूसर, असं काहीतरी विचित्र दिसतं.

आता तुमचे तीन प्रसंग.

खोली. सगळे डायनॅमिक रेंजवर (गडद ते उजळ किती स्टॉप एकाच चित्रात मावतात) भांडतायत, पण तुमची खरी अडचण लेन्सची आहे. पॉकेट ४केचा सेन्सर साधारण १९ मिलिमीटर रुंद, एफएक्स३०चा २३.३. तुमची २८ची लेन्स पॉकेटवर लावून तीन मीटरवरून शूट केलं तर फ्रेममध्ये जेमतेम दोन मीटर रुंदी मावते. एफएक्स३०वर अडीच. छोट्या खोलीत दोन पात्रं आणि मध्ये लटकणारा बल्ब एका फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर तुमचा मित्र पाठीने भिंत फोडून बाहेर जाईल.

यावर स्वस्तातला उपाय आहे: ०.७१चा फोकल रिड्युसर. तुमच्या निकॉन लेन्स फुल फ्रेमच्या आहेत, म्हणजे त्यांचं प्रकाशवर्तुळ या सेन्सरांपेक्षा बरंच मोठं. रिड्युसर ते आवळून छोट्या सेन्सरवर बसवतो. २८ची होते साधारण २०, एफएक्स३०वर त्याच तीन मीटरवरून साडेतीन मीटर रुंदी दिसते आणि वर एक स्टॉप उजेड जास्त मिळतो. फ्लँज अंतर म्हणजे लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर: तुमच्या लेन्सच्या निकॉन एफ माउंटचं ४६.५ मिलिमीटर, एफएक्स३०च्या सोनी ईचं १८, पॉकेटच्या मायक्रो फोर थर्ड्सचं १९ आणि थोडं. मधल्या मोकळ्या जागेत रिड्युसर बसतो, म्हणून तो दोन्ही कॅमेऱ्यांसाठी मिळतो. एक बघून घ्या: जुन्या लेन्सवर अपर्चरची रिंग असायला हवी.

आता बल्ब. चेहरा नीट उजळेल आणि त्याच फ्रेममधल्या बल्बची तारही दिसेल, असा कॅमेरा या किमतीत नाही आणि याच्या कितीतरी वरच्या किमतीतही मला दिसलेला नाही. फ्रेममध्ये कमी वॅटचा बल्ब ठेवा आणि चेहऱ्यावरचा उजेड फ्रेमच्या वर लपवलेल्या दुसऱ्या दिव्यातून आणा. १३ की १४ स्टॉप या वादापेक्षा हा लपवलेला दिवा जास्त कामाला येईल. शिवाय ते आकडे कोण कशावर मोजतंय, किती नॉइज चालवून घेतंय, यावर वरखाली होतात.

बल्बपासून भिंतीवर हळूहळू विरत जाणारा उजेड ८-बिट लॉगमध्ये पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, कारण प्रत्येक रंगाला २५६च पातळ्या असतात. १०-बिटमध्ये १०२४. तुमचे दोन्ही कॅमेरे १०-बिट किंवा त्याच्या वर देतात, त्यामुळे तो वाद इथेच मिटला. रॉचं म्हणाल तर ब्लॅकमॅजिक रॉ मला आवडतो, व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो. पण रॉमध्येही जळालेला हायलाइट जळालेलाच असतो.

जिना. इथे स्टॅबिलायझेशन कामाला येतं. मॅन्युअल लेन्स असेल तर फोकल लेंग्थ मेनूत हाताने भरावी लागते. रिड्युसर लावला असेल तर २८ नव्हे, २० भरा. तरी धावताना चमत्काराची अपेक्षा नको. पावलांचे मोठे हिसके बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनने जात नाहीत, आणि वाइड लेन्सवर फ्रेमचे कोपरे डुचमळतात. पॉकेटवर गिंबल (मोटरांनी कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) किंवा भक्कम शोल्डर रिग लागेलच, आणि तो कॅमेरा बराच रुंद असल्यामुळे छोट्या गिंबलवर बसवताना घाम फुटतो. दुसरं, जिन्याचे कठडे उभे असतात. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, तोवर कॅमेरा सरकलेला असतो, म्हणून झटकन वळलात की कठडे झुकतात. दोन्ही कॅमेऱ्यांत हे थोडंफार होणारच. वळणावर कॅमेरा किती वेगाने फिरवायचा, हे तालमीत ठरवून टाका.

गच्ची. इथे गणित करा. कडक उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) ८०० असेल तर एफ/१६ला १/८०० असं साधारण एक्स्पोजर येतं. तुम्हाला शटर १/५० हवं, म्हणजे चार स्टॉप जास्त उजेड. अपर्चर एफ/२.८ हवं, म्हणजे आणखी पाच. एकूण नऊ स्टॉप कापायचे. दोन्ही कॅमेऱ्यांत आतमध्ये एनडी (उजेड कापणारा गडद फिल्टर) नाही. व्हेरिएबल एनडी नऊ स्टॉपपर्यंत ओढला की वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. ती मला पुसता येत नाही. त्यामुळे ठरावीक घनतेचे फिल्टर घ्या, आणि इन्फ्रारेड कापणारे. नाहीतर गडद एनडीमागे काळं कापड तपकिरी व्हायला लागतं. शटर वाढवून वेळ मारून नेऊ नका, हालचाल तुटक दिसते आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नाही.

८केचं थोडक्यात. ४केच्या चौपट पिक्सेल, तेवढा जास्त डेटा, तेवढा लॅपटॉप हैराण. थिएटरात फ्लॅट २के डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) दाखवली तर तिची चौकट १९९८ बाय १०८० पिक्सेलची असते. ओळखीच्यांना माझा नमस्कार सांगा.

पहिलाटेक

बापरे, इतकं सविस्तर! मनापासून आभार. रिड्युसर हा प्रकारच माहीत नव्हता. दोन शंका: रात्री आयएसओ किती ठेवू? आणि दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी भाड्याने मिळतायत, तर नेमकं काय तपासू?

राखाडी१८

आयएसओ: दोन्हींत दोन मूळ पातळ्या आहेत. पॉकेटच्या ४०० आणि ३२००. त्यात १००० पर्यंत एक सर्किट चालतं आणि १२५० पासून दुसरं, म्हणून १२५० हे १००० पेक्षा स्वच्छ दिसतं. वाचायला उलटं वाटतं, पण आहे तसं. फक्त १२५०ला वरच्या बाजूला हायलाइटसाठी जागा कमी उरते, बल्ब फ्रेममध्ये असताना हे लक्षात ठेवा. एफएक्स३०च्या लॉगमध्ये ८०० आणि २५००. रात्री थेट २५००वर जा, १६००-२००० अशा अधल्यामधल्या आकड्यांत रेंगाळू नका.

चाचणी: टेस्ट चार्ट, फुलदाणी, खिडकीतलं मांजर यातलं काही नको. पटकथेतला सगळ्यात अवघड शॉट आहे तसा शूट करा. तोच बल्ब, तीच खोली, नायिकेचे तेच कपडे. बारीक रेघांचं कापड असेल तर लांबून आणि जवळून दोन्ही घ्या. काही अंतरावर त्यात नागमोडी नक्षी नाचायला लागते आणि ती काढताना कपड्याचा पोतही जातो. कठड्यासमोर झटकन पॅन करा. मग सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर टाका, कट करा, थोडा रंग लावा आणि मिळेल त्या मोठ्या पडद्यावर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच सुंदर दिसतं.

आणि बल्ब एलईडी असेल तर डिमर लावून मुद्दाम तपासा. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून १/५० सुरक्षित. शटर अंशांतही मोजतात, ३६० अंश म्हणजे एका फ्रेमचा पूर्ण वेळ. २४ फ्रेमला १८० अंश म्हणजे १/४८ होतं; पॉकेटवर शटर अंशांत ठेवत असाल तर १७२.८ करा, बरोबर १/५० येतं. ६० हर्ट्झला १४४ अंश. पण स्वस्त एलईडी डिमर आपल्याच वेगळ्या तालावर लुकलुकतात, तिथे हे गणित लागू पडत नाही.

रूमटोन

कॅमेऱ्यावर सगळे इतके बोललात, आवाजाचं कोणी नावच काढलं नाही, नेहमीप्रमाणे. पॉकेटला ४८ व्होल्ट देणारा मिनी एक्सएलआर (व्यावसायिक माइकचं सॉकेट) आहे, एफएक्स३०ला एक्सएलआरचं हँडल वेगळं मिळतं. दोन्ही विसरा. वेगळा रेकॉर्डर, बूम (लांब दांड्यावरचा माइक) पात्राच्या डोक्यावर, आणि प्रत्येक टेकला टाळी. कॅमेऱ्याचा माइक फक्त सिंकसाठी (आवाज चित्राशी जुळवायला) चालू ठेवा. एफएक्स३०मध्ये पंखा आहे. शांत खोलीत बूम कॅमेऱ्याच्या फार जवळ नको. खोली रिकामी असताना अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा.

"जो रिकामा असेल तो" माणूस बूमवर नको. बूमवाला ठरलेला हवा.

पहिलाटेक

चाचणी केली. राखाडी१८ म्हणाल्या तसंच: एलईडी बल्ब डिमरवर ५० टक्क्यांखाली नेला की दोन्ही कॅमेऱ्यांत पट्टे. साधा तारेचा बल्ब लावला, पट्टे गायब. खोलीत रिड्युसरशिवाय खरंच उभं राहायला जागा नव्हती. चित्राचं म्हणाल तर मोठ्या पडद्यावर दोन्ही शेजारी लावले तेव्हा मित्राला कोणता कुठला ते ओळखता येईना. फरक पडला तो जिन्यात. पॉकेट हातात धरून मित्र दोन मजल्यांत दमला, आणि गिंबल आमच्या बजेटमध्ये नाही. एफएक्स३०वर अजून हलतंय, पण ते धावणं वाटतं, भूकंप नाही.

तर एफएक्स३० ठरतोय. धाकटी बहीण बूमवर, तिला ठरवून टाकलंय. शेवटचं: कुठला फॉरमॅट आणि कार्ड किती?

राखाडी१८

एक्सएव्हीसी एस-आय (सोनीचा, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा फॉरमॅट), १०-बिट ४:२:२ (रंगाची नोंद किती बारीक, त्याचा आकडा). ४के २४ फ्रेमला सेकंदाला २४० मेगाबिट, म्हणजे ३० मेगाबाइट. १२८ जीबीच्या कार्डावर तासाभराहून थोडं जास्त. एच.२६५ची फाइल लहान होते पण लॅपटॉप प्रत्येक कटला धापा टाकतो. या वेगाला व्ही९० (वेगाचा वर्ग) एसडी कार्ड आरामात पुरतं, महागड्या सीएफएक्स्प्रेसची गरज नाही.

कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा आहेत, दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्ड लावा. शूट संपल्यावर दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी. कॉपी झाली असं कॉम्प्युटर म्हणतो त्यावर जाऊ नका. क्लिपा उघडून, मध्येमध्ये चालवून बघा. तोवर कुठलंच कार्ड फॉरमॅट नाही. हे काम युनिटमधल्या एकाकडेच द्या, आणि तो बूमवाला नको, तिचे हात तोवर दुखत असतील.